सकाळी तिसरा, दुपारी गायब, रात्री पाचवा: दवाखान्याच्या साइटचं रँकिंग का हलतं?

ताई, मागून वाचायला येणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बहिणीचा दातांचा दवाखाना नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत. गूगलवर 'डेंटिस्ट ठाणे' टाकलं की सकाळी तिसरा नंबर, दुपारी पत्ता नाही, रात्री पाचवा. तुम्ही कासारवडवलीला घरून बघता, मिस्टर ऐरोलीच्या ऑफिसातून बघतात आणि दोघांचं कधीच जुळत नाही. सर्च कन्सोल, म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन, त्यातला सरासरी क्रमांक आठवड्याभरात 9 वरून 24 वर गेला. एजन्सीवाला म्हणतो, 'अल्गोरिदम बदललाय, नवीन डोमेन घ्या.'

यात निदान तीन वेगळी प्रकरणं एकत्र झाली आहेत, आणि त्यांपैकी एकाचंही औषध नवीन डोमेन, म्हणजे साइटचा नवा पत्ता, नाही.

पहिला प्रश्न मीच विचारतो: तिसरा म्हणजे कुठे तिसरा? 'डेंटिस्ट ठाणे' शोधल्यावर आधी नकाशा आणि त्याखाली तीन दवाखान्यांची नावं येतात. त्याच्याखाली साध्या निळ्या लिंका. वरच्या तिघांत यायला गूगल बिझनेस प्रोफाइल (पत्ता, वेळा, रिव्ह्यू असलेली गूगलवरची व्यवसायाची नोंद) लागतं, खालच्या लिंकांत यायला वेबसाइट. दोन्हीचं गणित वेगळं. नकाशाच्या यादीसाठी गूगल स्वतःच तीन निकष सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. या शेवटच्यात रिव्ह्यू, रेटिंग, इतर साइटवरचे उल्लेख वगैरे आलं.

त्यातल्या अंतरामुळेच तुमचं आणि मिस्टरांचं जुळत नाही. कासारवडवलीत उभं राहून दाताचा डॉक्टर शोधणाऱ्याला घोडबंदर रोडवरचे डझनभर दवाखाने नौपाड्यापेक्षा जवळ आहेत. ऐरोलीतल्या माणसाला तर खाडीपलीकडचं कशाला दाखवायचं? शोधात 'ठाणे' हा शब्द टाकल्यामुळे थोडा फरक पडतो, पण तुम्ही कुठे बसलाय ते गूगल विसरत नाही. 2021च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्थानिक शोधात मोठा बदल झाला, तेव्हापासून अंतराला पूर्वीपेक्षा जास्त वजन आलंय असं या धंद्यातल्या बहुतेकांचं निरीक्षण आहे. माझंही तेच.

इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, बघून उपयोग नाही. त्यात तुमचा जुना इतिहास धरला जात नाही, पण जागा कळतेच, निदान इंटरनेट कनेक्शनवरून. घरच्या वायफायवर कधी कधी गंमतच होते, माणूस ठाण्यात आणि गूगल त्याला भलत्याच ठिकाणी धरून चाललेलं असतं. निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी गूगलने तुमची जागा कुठली मानली ते लिहिलेलं असतं. नंबर मोजायच्या आधी तेवढी एक ओळ वाचत जा.

आता दुपारी गायब होण्याचं. तुम्ही वेळा लिहिल्या नाहीत, पण नौपाड्यातला दवाखाना म्हणजे सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ, असंच काहीतरी असणार. 2023च्या अखेरीस बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की शोधाच्या क्षणी जे दुकान बंद असतं ते नकाशाच्या यादीत खाली सरकतं किंवा दिसेनासं होतं. गूगलनेही मान्य केलं की, ठरावीक दुकानाचं नाव न घेता केलेल्या शोधात, आत्ता उघडं आहे की नाही याला वजन वाढलंय. म्हणजे तुम्ही दुपारी तीनला जेवण आटपून फोन हातात घेता, तेव्हा दवाखान्याचं शटर बंद असतं आणि प्रोफाइलवरही 'बंद' लिहिलेलं असतं. रात्री आठला तोच दवाखाना पाचवा. अल्गोरिदमचं यात काही बिघडलेलं नाही, दुपारची सुट्टी आहे.

यावर एक पळवाट सर्रास सांगतात, प्रोफाइलवर 'चोवीस तास उघडे' टाकायचं. कृपा करून करू नका. दाढ ठणकतेय म्हणून रात्री अकराला कोणी रिक्षा करून आला आणि कुलूप बघून परत गेला, तर तो घरी जाऊन पहिलं काम एक स्टार देण्याचं करेल, आणि ते बरोबरच आहे. उलट रिसेप्शनला दुपारी खरंच कोणी बसत असेल, फोन घेत असेल, अपॉइंटमेंट देत असेल, तर तेवढा वेळ उघडं दाखवायला हरकत नसावी. गणपतीत, दिवाळीत सुट्टीच्या वेगळ्या वेळा मात्र आठवणीने भरा.

आणखी एक, गोखले रोडच्या परिसरात एकेका इमारतीत दोन-तीन दंतवैद्य असतात. एकाच पत्त्यावर एकाच प्रकारचे अनेक व्यवसाय असले की त्यांतला एखादाच वर दाखवायचा आणि बाकीचे झाकायचे, अशी गाळणी 2016च्या सप्टेंबरपासून अनेकांनी पाहिलेली आहे. नकाशा जवळ आणला, झूम केला, की झाकलेले पुन्हा दिसतात. तुमच्याकडे तसं होतंय का ते करून बघा.

मग सर्च कन्सोलचा 9 वरून 24. हा आकडा जवळजवळ प्रत्येकाला घाबरवतो, म्हणून जरा सविस्तर. 'सरासरी क्रमांक' हा तुमच्या साइटचा क्रमांक नव्हे. साइट ज्या ज्या शोधात दिसली, त्या प्रत्येक दिसण्याच्या क्रमांकाची ती सरासरी आहे. समजा, आधीच्या आठवड्यात साइट 100 वेळा दिसली, सरासरी 9. या आठवड्यात ती तशीच 100 वेळा दिसली, शिवाय 'रूट कॅनलला खर्च किती' यासारख्या नव्या शोधांत 60 वेळा दिसली, पण लांब 49व्या जागी. आता मांडा: नऊशे अधिक दोन हजार नऊशे चाळीस, भागिले एकशे साठ. उत्तर बरोब्बर 24. जुनी एकही जागा गेली नाही, उलट गूगल साइटला नव्या शब्दांसाठी ओळखायला लागलं, आणि आलेख मात्र आपटला.

उलटही होतं. 2025च्या सप्टेंबरमध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवायची जुनी सोय काढून टाकली. माणसं ती फारशी वापरत नव्हती, रँक मोजणारी सॉफ्टवेअरं वापरत होती. ती दर फेरीला पार शंभराव्या निकालापर्यंत जायची आणि तिथल्या साइटला फुकटचं एक 'दिसणं' मिळायचं. सोय गेली, तशी असंख्य साइटची इंप्रेशन्स (असं 'दिसणं' किती वेळा झालं तो आकडा) धपकन पडली आणि सरासरी क्रमांक रातोरात सुधारला. त्या महिन्यात किती एजन्सींनी 'बघा, आमची मेहनत' म्हणून क्लायंटला स्क्रीनशॉट पाठवले असतील, देव जाणे.

म्हणून एकूण सरासरी बघू नका. एक शब्द निवडा, देश भारत ठेवा, मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे करा आणि मग क्लिक बघा. 28 दिवसांची आधीच्या 28 दिवसांशी तुलना करा. कालचा-परवाचा आकडा कच्चा असतो, तो नंतर बदलतो. शिवाय रोजच्या आकड्यांतला दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाचा असतो. त्यांचा रविवार आपल्याकडे रविवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, तिकडच्या हिवाळ्यात दीडला. त्यामुळे 'रविवारी' आलेले क्लिक हे अर्धेअधिक आपल्या सोमवार सकाळचेसुद्धा असू शकतात.

आता अल्गोरिदम. तो बदलतोच. लहानसहान बदल वर्षाला हजारोंनी होतात, मोठे कोअर अपडेट, म्हणजे क्रम लावायच्या मूळ पद्धतीतले बदल, वर्षातून काही वेळा येतात आणि गूगल ते आपल्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर तारखेनिशी जाहीर करतं. मार्च 2024चं अपडेट पूर्ण व्हायला 45 दिवस लागले होते, त्या काळात सगळ्यांचेच आलेख वरखाली नाचत होते. अशा वेळी तुमचा पेपर बिघडलेला नसतो, तपासणाऱ्यांनी गुण देण्याची पद्धत बदललेली असते आणि शेजारच्या बाकावरच्याला चार गुण जास्त पडतात. एजन्सीवाल्याला साधा प्रश्न विचारा: 'कोणतं अपडेट? कुठल्या तारखेपासून?' डॅशबोर्डवर ती तारीख नसेल, तर तो उगाच बोलतोय.

अपडेट खरंच असेल, तर ते संपल्यावर आणखी एक आठवडा जाऊ द्या आणि मग अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी पडताळा. गूगलच्या मदत पानावर यासाठी चांगलं उदाहरण दिलंय: दुसऱ्यावरून चौथ्यावर आलात तर फार ढवळाढवळ करू नका, चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलात तर साइटकडे नीट बघा. बहुतेक नुकसान लोक मधल्या काळात घाबरून करतात. सोमवारी शीर्षकं बदलायची, गुरुवारी पानं उडवायची, पुढच्या सोमवारी थीम बदलायची. मग कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तुमच्या साइटवर मला खटकलेली एक गोष्ट मात्र खरी आहे. 'डेंटिस्ट इन नौपाडा', 'डेंटिस्ट इन पाचपाखाडी', 'डेंटिस्ट इन माजिवडा', 'डेंटिस्ट इन वर्तक नगर' अशी पानांची माळ लावलेली आहे. मजकूर तोच, फक्त भागाचं नाव बदललंय. एक तर ही पानं एकमेकांच्याच पायात येतात. आज गूगल एक पान पुढे करतं, उद्या दुसरं, आणि तुम्हाला वाटतं नंबर हलतोय. कन्सोलमध्ये एक शब्द निवडून 'पेजेस' टॅब उघडा, एकाच शब्दावर दोन-तीन पत्ते आलटून पालटून दिसतील. दुसरं म्हणजे, केवळ शोधात पकडण्यासाठी बनवलेली अशी पानं गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी बसतात. दवाखाना एक आहे, तर जागेचं पान एकच ठेवा. स्टेशनवरून कसं यायचं, गाडी कुठे लावायची, लिफ्ट आहे का, हे त्यात लिहा. बाकीची पानं त्या पानाकडे कायमची रीडायरेक्ट करा, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी आपोआप हेच पान येईल. रूट कॅनल, ब्रेसेस, लहान मुलांचे दात यांची पानं वेगळी हवीतच, आणि ती बहिणीने स्वतः सांगितलेल्या मजकुराची असावीत.

तांत्रिक बाबी पटकन. पान शोधातून पूर्णच गेलं असेल तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा, सर्च इंजिनांना मनाई करणारी टिक चुकून राहिलेली असते, विशेषतः साइट नव्याने बनवल्यावर. कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अॅक्शन्स' (गूगलच्या माणसांनी साइटवर केलेली कारवाई) रिकामं आहे ना ते बघा. स्वस्तातलं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेला सर्व्हर, वरचेवर बंद पडत असेल तर गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) येणं कमी करतो, आणि फार काळ चुकाच मिळत राहिल्या तर पानं इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या नोंदवहीतून, काढली जातात.

आणि नवीन डोमेन. सध्याच्या नावावर इतर साइटवरचे जे काही दुवे जमलेत ते सगळे हलवावे लागतील, जुन्या पत्त्यांवरून रीडायरेक्ट निदान वर्षभर चालू ठेवावे लागतील, आणि हलवाहलवीच्या काळात नंबर आजच्यापेक्षा जास्त नाचतील. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने लिहून ठेवलंय. त्यामुळे एजन्सीच्या कोटेशनमधली 'गॅरंटीड फर्स्ट पेज' ही ओळ वाचून मी तिथेच थांबलो असतो.

त्यांना नाही म्हणण्याआधी मात्र एक काम करा. आत्ताचं डोमेन कोणाच्या नावावर घेतलंय ते बघा, तुमच्या बहिणीच्या की एजन्सीच्या. तसंच सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलचा मुख्य मालक कोणता ईमेल आहे, ते सेटिंग्जमध्ये तपासा. तिथे एजन्सीचा ईमेल निघाला, तर गोडीगुलाबीने आधी मालकी बहिणीच्या ईमेलवर आणून घ्या आणि मगच बिलाचं बोला.