सातवीला प्रबोधनकाळातली चित्रकला: चार तासिकांत काय करून घ्याल

सातवीची चाळीस मुलं, चार तासिका, आणि मोनालिसाचं चित्र रंगवून घेण्यापलीकडे काहीतरी करायचंय, असं तुम्ही विचारलंय. माझं मत असं की चित्रांच्या नकला करून घेऊच नका. प्रबोधनकाळातल्या चित्रकारांना ज्या अडचणी सोडवाव्या लागल्या, त्या मुलांपुढे ठेवा. सपाट भिंतीवर खोली (डेप्थ) कशी दाखवायची, कागदावरचं रेखाटन भिंतीवर कसं उतरवायचं, रंग कशात कालवायचा. या तीन पुरेत.

पहिल्या दोन तासिका पर्स्पेक्टिव्हला, म्हणजे सपाट पृष्ठभागावर जवळ-लांब दाखवायच्या रीतीला द्या. लांब व्हरांड्याच्या टोकाला अॅक्रिलिकची पारदर्शक शीट उभी करा. पुठ्ठ्याला ५ मिमीचं भोक पाडून तो शीटपासून ३० सेंमीवर घट्ट बसवा. एक डोळा मिटून त्या भोकातूनच बघायचं आणि दिसतं तसं मार्करने शीटवर गिरवायचं. पुठ्ठा टाळू नका. तो नसला की डोकं हलतं, रेषा जुळत नाहीत आणि मुलं कंटाळून सोडून देतात. पाच-पाच जणांचे गट करा. नंतर फरशीच्या आणि छताच्या कडा पट्टीने पुढे वाढवायला सांगा. त्या एकाच बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू बरोबर भोकाच्या उंचीवर असतो. भोक वर सरकवलं की बिंदूही वर सरकतो. हे मुलांनी स्वतः करून बघायला हवं. प्रबोधनकाळातला वास्तुविशारद ब्रुनेलेस्की यानेही इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीचं (बाप्तिस्म्याच्या इमारतीचं) चित्र असंच भोकातून दाखवलं होतं: चित्राच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र बघायचं.

दुसऱ्या तासाला अल्बर्टीची फरशी. अल्बर्टी हा चित्रकलेवर ग्रंथ लिहिणारा इटालियन विद्वान, आणि चौकोनी फरशी मागे जाताना कशी काढायची ही त्याची रीत. आडवा ए-४ कागद, खाली २४ सेंमीची रेषा, तिच्यावर दर ३ सेंमीला खूण. १२ सेंमी वर क्षितिजरेषा. तिच्या मध्यावर व्हॅनिशिंग पॉइंट (मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) घ्या आणि सगळ्या खुणा त्याला जोडा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. गाडी अडते ती आडव्या रेषांवर. मुलं त्या समान अंतरावर काढतात किंवा अंदाजाने जवळजवळ आणतात, आणि फरशी उभ्या भिंतीसारखी नाहीतर वाकल्यासारखी दिसते. उपाय एकच तिरकी रेषा. पायाच्या रेषेचं डावं टोक आणि तिच्या उजव्या टोकाच्या बरोबर वर, क्षितिजरेषेवरचा बिंदू, हे दोन जोडा. ही रेषा जिथे जिथे मागे जाणाऱ्या रेषांना छेदते, तिथून आडव्या रेषा काढा. त्या पायापासून २.४, ४, ५.१, ६ सेंमी अशा येतात. ताळा म्हणून कुठल्याही पुढच्या फरशीचा कर्ण काढून वाढवा, तो मागच्या फरश्यांच्या कोपऱ्यांतूनच जायला हवा. पुढे रुंदीपेक्षा खोली कमी वाटायला हवी असेल, तर कागदाला उजवीकडे पट्टी जोडून तिरक्या रेषेचा क्षितिजरेषेवरचा बिंदू व्हॅनिशिंग पॉइंटपासून २४ सेंमीवर घ्या.

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन-तृतीयांश घ्यायची, अशी काही चित्रकारांची पद्धत होती. अल्बर्टीने १४३५च्या ग्रंथात ती चूक ठरवली. मुलांना अंतरं मोजायला लावा: २.४ नंतर १.६, म्हणजे दोन-तृतीयांशच. पण पुढचं अंतर सुमारे १.१४, आणि प्रमाण तिथेच बदलतं. गणिताच्या शिक्षकांना या तासाला जरूर बोलवा. शेवटी लिओनार्दोच्या ‘द लास्ट सपर’ची ए-३ प्रिंट द्या. छताच्या रेषा वाढवल्या की त्या येशूच्या डोक्यापाशी मिळतात.

तिसरी तासिका ‘स्पोल्व्हेरो’ची, म्हणजे भोकांतून पूड पाडून रेखाटन भिंतीवर उतरवायच्या पद्धतीची. बटर पेपरवर चित्र काढायचं, खाली थर्माकोल ठेवून रेषांवर दर ३ मिमीला टाचणीने भोकं पाडायची. मग कोळशाची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून वरून हलके आपटायची. भरतकामाचं डिझाइन कापडावर उतरवणारे असंच छिद्रांचं खाकं वापरतात, तेव्हा मुलांना हे परकं वाटणार नाही. ठसा उमटला नाही, तर बहुतेक वेळा कागदाच्या मागे उठलेल्या कंगोऱ्यांनी भोकं बुजलेली असतात. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा. पूड घासू नका, काळे फराटे पडतात.

चौथी तासिका एग टेम्पेराची, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाची. त्याआधी पालकांना विचारून ठेवा. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून द्या. चाळीस जणांना पाच अंडी पुरतात. बलक टिश्यूवर अलगद लोळवून कोरडा करा, पडद्याला चिमटीत धरून वाटीवर उचला, टाचणीने टोचा. आतलं वाटीत पडू द्या, पडदा टाकून द्या. बलकाइतकंच पाणी घाला. गेरू, पिवडी, काजळी आणि खडूची पूड वेगवेगळी घेऊन, मलमलमधून गाळून, टाइलवर चमच्याच्या पाठीने पाण्यात घोटा. जेवढा रंगाचा लगदा तेवढंच बलकाचं पाणी.

प्रमाण बरोबर आहे का हे काचेवर कळतं. एक पट्टा ओढा, वाळू द्या आणि ब्लेडने तुम्हीच खरवडा. सलग पापुद्रा निघाला तर ठीक. भुकटी झाली तर बलक कमी, तेलकट राहिला तर जास्त. चित्रकलेची जुनी हस्तपुस्तिका लिहिणारा इटालियन चित्रकार चेन्नीनो याने तर शहरातल्या कोंबडीचा बलक फिकट म्हणून तरुण चेहऱ्यांना आणि गावाकडचा गडद म्हणून म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांना वापरायला सांगितलंय.

माउंट बोर्डाचे १०×१५ सेंमीचे तुकडे घ्या. चकचकीत कार्डावरून रंग सोलून निघतो. मुलं पोस्टर कलरच्या सवयीने ब्रश पुन्हापुन्हा फिरवतात, आणि अर्धवट वाळलेला खालचा थर उचलला जातो. बारीक ब्रशने शेजारी शेजारी तुटक रेषा, एक थर वाळला की वर दुसरा. छटा मिसळून नाही, रेषांच्या दाटीतून येते.

बाकाखाली झोपून ‘मायकेलअँजेलोसारखं’ रंगवायचा खेळ मात्र वगळा. सिस्टीन चॅपेलचं छत त्याने परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून रंगवलं. तो त्रास कळायला हवा असेल तर उभ्या मुलाच्या डोक्याच्या वर, उंच जागी कागद चिकटवून पाच मिनिटं रेखाटायला लावा. फ्रेस्कोही (ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवणं) वर्गात नको. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. प्लास्टर ऑफ पॅरिसवर रंगवलं तर तो फ्रेस्को होत नाही, कारण ओला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने दगडासारखा होताना रंग धरून ठेवतो, प्लास्टर तसं करत नाही.

तास संपल्यावर ब्रश गार पाण्यात लगेच धुवा. गरम पाण्याने बलक केसांत शिजतो आणि ब्रश कामातून जातो. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका, आणि सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावूनच डबे उघडू द्या.