जिवलग मैत्रीण गेली. चर्चच्या मंडळीतले म्हणतात, ‘ती प्रभूकडे आहे, रडू नकोस.’ माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. तीन महिन्यांनंतरही रडू येतं, याचा विश्वासाशी काही संबंध नाही. ‘रडू नकोस’ म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा तुमचं रडणं बघवत नसतं, एवढंच. मात्र ते बायबलमधल्या वचनाचा दाखला देतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी त्याबद्दल.

तो दाखला थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला, 4:13. ज्यांना आशा नाही त्या इतरांसारखा खेद करू नका, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. लोक ‘खेद करू नका’ तेवढं उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. पुनरुत्थानाची आशा धरून खेद करायला पौलाची ना नाही.

आणि स्वतः प्रभूने काय केलं? योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय काढा. येशूचा मित्र लाजर मेलाय, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था येऊन येशूला म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीयाही नेमकं तेच म्हणते. ही सरळ तक्रार आहे, आणि येशू दोघींपैकी एकीलाही रागावत नाही. थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन चालत बाहेर येणार हे त्याला ठाऊक आहे, तरी तो रडतो. तेव्हा ‘ती प्रभूकडे आहे’ हे खरं मानूनही रडता येतं.

मैत्रीच्या दुःखाची आणखी एक अडचण असते, ती फारसं कुणी बोलून दाखवत नाही. लोक सांत्वनाला जातात ते आईवडिलांकडे, नवऱ्याकडे, मुलांकडे. मैत्रीण मागच्या रांगेत उभी. तिचं काय गेलं हे कुणी विचारत नाही. म्हणून मला दावीदाचा विलाप जवळचा वाटतो (2 शमुवेल, पहिला अध्याय). लढाईत मेलेला त्याचा मित्र योनाथान काही सख्खा भाऊ नव्हे, पण दावीद त्याला भाऊ म्हणतो आणि त्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर रडतो. त्या अख्ख्या गीतात देवाचं नाव एकदाही येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

प्रार्थना जमत नसेल तर ओढूनताणून करू नका. मला जमत नव्हती तेव्हा मी बायबलमधलं स्तोत्र 88 नुसतं वाचायचो. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. मला तेच हवं होतं. झोप आणि जेवण तुटलं असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा, त्यात अविश्वास कसला?

तिच्यासाठी प्रार्थना करावी का, असंही तुम्ही विचारलंय. कॅथलिक मंडळी मृतांसाठी प्रार्थना करते, 2 नोव्हेंबर हा तर त्यासाठीचाच दिवस. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या करत नाहीत, त्या गेलेल्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात. तुम्ही आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला. मी प्रॉटेस्टंट आहे, मी आभारच मानतो, पण कधीकधी जीभ घसरते आणि ‘त्याला सांभाळ’ असं निघून जातं. देव समजून घेत असेल.

‘त्याला’ म्हणजे माझा मित्र. क्वायरमध्ये आम्ही अकरा वर्षं शेजारी उभे राहायचो. लांब ओळीवर माझा दम पुरायचा नाही, म्हणून माझ्या गीतांच्या पुस्तकात एका शब्दावर त्याने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, ‘इथे श्वास घे, गाढवा.’ त्याच्या दफनविधीला नेमकं तेच गीत निघालं. त्या शब्दापाशी आलो आणि माझा आवाजच बंद झाला. बाकीचे गात राहिले, कडवं त्यांनी पूर्ण केलं. पुढच्या कडव्याला मी परत त्यांच्यात मिसळलो.