वाचताना तो अडतो कुठे?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठी राहतो. मुलगा तिसरीत आहे, आठ पूर्ण झाली. लांबून येणारी होडी कोणाची ते तो अचूक सांगतो, हापूस आणि पायरी डोळे मिटून वासावर ओळखतो. पण पुस्तक उघडलं की रडकुंडीला येतो. 'किनारा'चं 'कनिरा' करतो, 'घर' आणि 'धर' यांत गोंधळतो. मागच्या आठवड्यात एकजण टॅब आणि त्यातल्या शिकवणाऱ्या ॲपची वर्षाची वर्गणी विकायला आला होता. हप्त्याने २२,००० रुपये. मिस्टर म्हणतात, आंब्याचे पैसे आले की घेऊया. कोणी रंगीत काचांचा चष्माही सुचवला. काय घ्यावं?

उत्तर : ताई, आंब्याचे पैसे तूर्त घरातच राहू द्या.

आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग गेल्या वर्षीचं दुसरीचं पुस्तक काढा (बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवूनही घेता येतात). त्याला एक धडा वाचू द्या. मध्ये टोकू नका, चूक सुधारू नका. तो जिथे अडेल तिथे पेन्सिलीने बारीक ठिपका द्या. असं तीन दिवस करा. ठिपके सगळीकडे विखुरलेले नसतात, दोन-तीन जागीच गर्दी करतात. त्याच जागांसाठी साधन निवडायचं.

तुमच्या पत्रात मला दोन जागा दिसतात. पहिली म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. 'कि' बोलताना आधी 'क' येतो आणि मग 'इ', पण कागदावर वेलांटी आधी उभी असते. डोळा एक क्रम सांगतो, कान दुसरा. तुमच्या मुलाला वेलांटी दिसते, ती कोणत्या अक्षराची ते कळत नाही, म्हणून ती 'न'ला जाऊन चिकटते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची अक्षरकार्डं करा आणि काना, वेलांट्या, मात्रा यांच्या पट्ट्या वेगळ्या कापा. 'क'चं कार्ड ठेवा, मोठ्याने 'क' म्हणा, मग 'इ' म्हणत वेलांटीची पट्टी त्यानेच उचलून 'क'च्या अलीकडे न्यायची. ती उडी त्याच्या हाताने व्हायला हवी. तुम्ही करून दाखवलीत तर उपयोग नाही.

दुसरी जागा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची : घ-ध, भ-म, थ-य. ही जोडीने शिकवू नका. आधी 'घ' एकटा पक्का होऊ दे, दोन-तीन आठवडे 'ध' समोरच आणू नका. यासाठी मला धूळपाटीइतकं चांगलं साधन अजून सापडलेलं नाही. पूर्वी मुलं फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवत, धुळाक्षरं म्हणतात ती हीच. तुमच्याकडे तर वाळू दाराशी आहे. चाळून, वाळवून ताटात पसरा. बोटाने 'घ' काढताना तोंडाने 'घ' म्हणायचं. दिवसाला दहा मिनिटं पुरे.

घरी मालवणी बोलता ना? मग पुस्तकातलं 'कुठे' त्याला परकं वाटतं, कारण त्याच्या तोंडी 'खंय' असतं. पुढच्या शब्दाचा अंदाजच बांधता येत नाही. तो जे बोलेल तेच लिहा : 'बाबा बांगडे घेवन इले.' मोठ्या अक्षरात, शब्दांत मोकळी जागा सोडून. स्वतःचं वाक्य मूल वाचतं.

टॅबबद्दल. अशी बरीच ॲप इंग्रजीच्या साच्यावर बेतलेली असतात. अननसाचं चित्र दाखवतात, मूल 'अननस' म्हणतं आणि शाबासकी मिळते. अक्षर वाचलंच नाही! घ्यायचंच झालं तर विकणाऱ्याला चित्र झाकून नुसता 'किनारा' दाखवायला सांगा. गोष्टींसाठी 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीविव्हर' फुकट आहे, मराठीत आहे, पातळ्या पाडलेल्या आहेत. तुमच्या फोनवर चालेल. रंगीत काचांनी वाचन सुधारतं याला भक्कम आधार नाही, तो खर्च नको.

आणि रोज रात्री तुम्ही त्याला वाचून दाखवा, त्याच्या वयाचं, अवघडसुद्धा. वाचन मागे पडलं म्हणून समज मागे पडायला नको.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, बरीचशी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी रोज वर्गापुढे उभं करून वाचायला लावत असे, सरावाने येईल म्हणून. तो शाळेत यायचा थांबला. आज तो बोटींची इंजिनं नुसत्या आवाजावरून दुरुस्त करतो. त्याला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, याचं दुःख आहे. म्हणून शाळेतल्या बाईंना भेटून सांगा : अचानक उभं करून वाचायला लावू नका.

तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' ही चाचणी मराठीतही तयार केली आहे. तपासणारे इंग्रजीतून तपासत असतील तर मराठी चाचणी आहे का, हे आवर्जून विचारा. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

ठिपक्यांची पानं जपून ठेवा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की तोच धडा पुन्हा वाचून घ्या आणि ठिपके कुठे उरले ते मला कळवा.