कयाकला भोक पाडण्यापूर्वी

मासेमारीसाठी वर बसून वल्हवायची जुनी प्लॅस्टिकची कयाक (आतून पोकळ, लहान अरुंद होडी) घेतली आहे आणि येत्या रविवारी बैठकीच्या मागे गळाच्या काठ्या उभ्या ठेवायचे दोन रॉड होल्डर सेल्फ टॅपिंग स्क्रूने (स्वतःच आटे पाडत आत जाणाऱ्या स्क्रूने) बसवून त्याभोवती एपॉक्सी पुट्टी भरणार आहे, असे आपण लिहिले आहे. तीन वर्षांपूर्वी मी नेमके हेच, त्याच जागी केले होते. त्यामुळे रॉड कोणता, वल्हे किती लांब, हे विषय बाजूला ठेवून मी फक्त त्या स्क्रूंविषयी लिहितो.

या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा असल्यामुळे त्यावर पुट्टी चिकटत नाही, नुसती बसून राहते. शिवाय हे प्लॅस्टिक उन्हात फार वाढते. एक मीटरचा तुकडा वीस अंशांनी तापला तर सुमारे 3 मिमी लांबतो, तर तेवढेच पोलाद जेमतेम पाव मिमी. कोल्हापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात गाडीच्या टपावर कयाक दोन तास राहिली की स्क्रूभोवतीचे भोक सैल होऊ लागते. माझ्या लक्षात न आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे, माणूस बसल्यावर कयाक खाली दबते आणि बैठकीमागच्या खोलगट भागात निचऱ्याच्या छिद्रांतून थोडे पाणी वर येऊन उभे राहते. म्हणजे माझे आठही स्क्रू दिवसभर पाण्याखाली होते.

डिसेंबरात, पंचगंगेच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या शांत पाण्यात, दुपारपर्यंत मला काहीच जाणवले नाही. कयाक थोडी जड चालते आहे, एवढेच वाटत होते. मग उजवीकडे गळाला एक चांगला कटला मासा लागला, मी त्या अंगाला झुकलो आणि बैठकीखालून घळघळ असा आवाज आला. आत शिरलेले पाणी सगळेच्या सगळे उजवीकडे धावले होते. रिकामी कयाक कलली तर परत सरळ होते. पोटात मोकळे पाणी असलेली कयाक कलली की ते पाणीच तिला आणखी कलवते. लाइफ जॅकेट अंगात होते म्हणून मी आज हे लिहीत आहे. दोन्ही रॉड, रील आणि फोन नदीत गेले.

काठावर ओढून पोटातले पाणी काढायचे बूच काढले तेव्हा दोन घागरी तरी पाणी निघाले असावे. घरी येऊन पुट्टीखाली नख घातले, तर ती पूर्ण कड अखंड सुटून हातात आली आणि तिच्या आतल्या बाजूवर डेकच्या दाणेदार पोताचा स्वच्छ ठसा होता. चिकटल्याची एकही खूण नव्हती. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे.

मी अभियंता नाही आणि आपल्या कयाकची जाडी मला माहीत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या हंगामात एकही भोक पाडू नये. दुधाच्या पिशव्यांचा क्रेट घ्यावा, त्याच्या कोपऱ्यांना पीव्हीसी पाइपचे तुकडे केबल टायने आवळावेत आणि तो क्रेट कयाकवर मुळातच असलेल्या कड्यांना दोरीने बांधावा. रॉड कुठे हाताशी येतो हे चार-सहा फेऱ्यांनंतरच कळते. मी पाडलेल्या भोकांपैकी निम्मी चुकीच्या जागी होती.

भोक पाडायचेच असेल तर ते पाणी साचणार नाही अशा उंच भागावर पाडावे. आत हात पोहोचत असेल तिथे स्टेनलेस बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा नट) वापरावा, मध्ये जुन्या टायरच्या ट्यूबचा कापलेला रबर घालावा. हात पोहोचत नसेल तिथे आत तीन पाकळ्यांत फाकणारे रिव्हेट चालतात. स्क्रू मात्र कुठेही नको. निचऱ्याच्या नळ्यांच्या आसपास ड्रिल नेऊच नये. नांगराची दोरीही मधोमध कुशीला बांधू नये, ती नाळेला (पुढच्या टोकाला) किंवा मागच्या टोकाला असावी. वाहत्या पाण्यात कुशीला बांधलेला नांगर कयाक आडवी करून उलटवतो. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतील तर त्या बाजूला जाऊच नये.

माझी आठ भोके मी पॉलिथिलीनच्याच पट्ट्या गरम हवेच्या गनने वितळवून बुजवली. पट्टी जुन्या, फुटलेल्या पाण्याच्या टाकीतून कापून घेतली, कारण त्या टाक्याही बहुतेक याच प्लॅस्टिकच्या असतात. पृष्ठभाग चकाकू लागला की पट्टी दाबावी. धूर निघाला तर प्लॅस्टिक जळाले असे समजावे. आधी टाकीच्याच तुकड्यावर हात बसवून घ्यावा.

काम झाल्यावर सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावावे आणि बुचाच्या भोकातून नळी घालून तोंडाने हवा फुंकावी, पंप लावू नये. जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती आहे. त्यानंतरही प्रत्येक फेरीनंतर बूच काढून किती पाणी निघते ते मी मापात मोजतो; पेलाभर निघाले तरी पुढची फेरी रद्द करतो. बैठकीमागच्या भागाचा जवळून काढलेला फोटो टाकलात, तर होल्डरसाठी उंच जागा कोणती दिसते ते रविवारच्या आत सांगेन.