'पीडित', 'वाचलेली' की 'सुटून आलेली'?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्य धर्मसमुदायातल्या, अपहरण आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना आधार देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीच्या पुस्तिकेचं मराठी करताना 'सर्व्हायव्हर'ला, म्हणजे त्यातून जिवंत सुटलेल्या व्यक्तीला, काय म्हणायचं? 'पीडिता' त्यांना खटकतं आणि 'वाचलेली' वाचताना अडखळायला होतं. शिवाय 'ट्रॅफिकिंग'ला 'तस्करी' चालेल का?

तस्करीचं आधी सांगतो, कारण तिथे माझ्या मनात शंका नाही. चालणार नाही. तस्करी म्हणजे माल चोरून इकडचा तिकडे नेणं. पैसे घेऊन माणसांना चोरवाटेनं सीमेपार पोचवणं हा गुन्हा त्याच्या जवळचा आहे. ट्रॅफिकिंगचा गाभा मात्र वेगळा: धाक, फसवणूक किंवा बळजबरी करून माणसाला शोषणासाठी ताब्यात घेणं. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली हे दोन्ही गुन्हे वेगवेगळ्या करारांत मांडले ते म्हणूनच. 3 ऑगस्ट 2014 रोजी 'इस्लामिक स्टेट' या दहशतवादी संघटनेनं उत्तर इराकमधल्या सिंजार या यझिदींच्या भागावर हल्ला केला आणि सहा हजारांहून अधिक यझिदींना, मुख्यतः स्त्रिया-मुलांना, पळवून नेलं. सिंजारहून इराकमधल्याच मोसुल शहरात नेऊन विकलेल्या मुलीनं कुठलीच सीमा ओलांडली नव्हती. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 23 मध्ये 'अपव्यापार' हा नेमका शब्द आहे. तोच घ्या, पहिल्या उल्लेखात 'माणसांची खरेदी-विक्री' असं सोबत लिहिलंत की वाचणारा अडणार नाही.

आता मुख्य शब्द. 'पीडित' म्हणजे जिला पीडा दिली गेली ती. न्यायालयात हा शब्द हवाच, कारण पीडित म्हटलं की पीडा देणारा कोण हा प्रश्न लगेच उभा राहतो. पण सुटकेला दहा वर्षं झाली, ती शिकते आहे, मुलं वाढवते आहे, तरी तिला 'पीडिता'च म्हणत राहिलो तर पीडा देणाऱ्यानं केलेली गोष्टच तिचं नाव होऊन बसते. 'अत्याचारग्रस्त'चंही तेच. ग्रस्त म्हणजे गिळलेलं. पंचांगात चंद्र ग्रहणातच उगवला तर 'ग्रस्तोदित' म्हणतात, आणि ते ग्रहणही काही तासांत सुटतं. 'बळी' तर इथे लिहूच नये. बळी गेलेलं माणूस परत येत नाही. 'वाचलेली'त पुस्तक वाचण्याची छटा मध्ये येते, आणि 'बचावलेली'ला 'थोडक्यात बचावली'तल्या नशिबाचा वास आहे.

अशाच सुटून आलेल्या आणि पुढे शांततेचं नोबेल मिळालेल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांचंच पाहा. कोचो गावातून त्यांना पळवून नेलं. मोसुलमध्ये घराचं दार कुलूप न लावता राहिलेलं पाहून त्या निसटल्या, आणि एका अनोळखी कुटुंबानं जीव धोक्यात घालून त्यांना आसरा दिला. इथे 'सुटका करण्यात आली' असं लिहिलं तर त्यांचं पाऊल वाक्यातून गायब होतं. 'सुटल्या' या एका क्रियापदात ते राहतं.

इराकच्या संसदेनं या सुटून आलेल्या यझिदी स्त्रियांसाठी 2021 साली केलेल्या कायद्याच्या अरबी नावात 'नाजियात' हा शब्द आहे. उर्दूतल्या 'नजात'चं मूळ तेच: सुटका, तरून जाणं. म्हणजे तिथल्या कायद्याचाच शब्द आपल्या 'सुटून आलेल्या'च्या फार जवळ आहे. म्हणून माझी पसंती यालाच. त्या कायद्यात मासिक भत्ता, जमिनीचा तुकडा, सरकारी नोकऱ्यांत 2 टक्के वाटा आणि वयाची अट न लावता शिक्षणाकडे परतण्याची सोय आहे. 'नाजियात' हे स्त्रीलिंगी अनेकवचन. पण अपहरणाच्या वेळी 18 वर्षांखाली असलेले यझिदी मुलगेही या कायद्यात येतात. 'पीडिता' लिहिलं तर लढाईसाठी तयार करायला नेलेले हे मुलगे शब्दातूनच गळतात. 'सुटून आलेले' यात ते मावतात.

न विचारलेली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला सर्वांत जास्त टोचते. इंग्रजी बातम्यांवरून मराठीत 'लैंगिक गुलाम' आलं आहे. पळवणारे या स्त्रियांना 'सबाया' म्हणत, म्हणजे युद्धात पकडून आणलेल्या बायका. 'गुलाम' हे त्यांनी मारलेल्या शिक्क्याचंच भाषांतर झालं. 'गुलाम केलेल्या' किंवा 'गुलामीत डांबलेल्या' लिहा. 'केलेल्या' आलं की कोणीतरी केलं हे उरतं.

तसंच 'स्त्रियांना बोलतं करावं' हे आपल्या सवयीचं वाक्य. मुलाखतीत ते शोभतं, इथे नाही. या स्त्रियांनी आपली कहाणी पत्रकारांना, तपास पथकांना, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगितली आहे. भत्त्यासाठी अर्ज करणाऱ्यांकडे 2023 मध्ये फौजदारी तक्रारीचे कागदही मागितले जाऊ लागले, म्हणजे तेच सगळं पुन्हा एकदा. 'बोलतं करणं'मध्ये करणारा आपण असतो. त्याऐवजी 'तिला सांगावंसं वाटलं तर ऐकून घ्यावं. मध्येच थांबली तर पुढे विचारू नये' असं लिहा. वाक्य लांबेल, लांबू द्या.

आणि जिच्याबद्दल लिहायचं ती समोर असेल, तर स्वतःला काय म्हणवून घ्यायला आवडेल हे तिलाच विचारावं, अशी एक ओळ पुस्तिकेत पहिल्याच पानावर घाला. तक्रार-अर्जाच्या प्रकरणातली वाक्यं अडली तर मूळ मजकुरासकट पाठवा, एकेक पाहू.