शूट न करणारा स्टार टीममध्ये असेल तर

अरे, बास्केटबॉलमध्ये फिलाडेल्फियाच्या बेन सिमन्सला, म्हणजे लांबून शूटच न करणाऱ्या स्टारला, नुसतं शूटिंग शिकवलं असतं की झालं, हे आधी डोक्यातून काढ. माझ्या मते खरी अडचण जागेची होती, त्याच्याच टीमचा सेंटर एम्बीड पोस्टमध्ये (बास्केटजवळ) आणि सिमन्सही तिथेच घुटमळणार, मग दोघांचे डिफेंडर पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, गर्दी करणारच ना! २०२१ च्या प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्ध निर्णायक गेम ७ मध्ये बास्केटखाली सोपा डंक सोडून त्याने पास दिला, मला तर ती फ्री थ्रोची (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या शॉटची) धास्तीच वाटते, त्या प्लेऑफमध्ये जेमतेम ३४ टक्के होता बिचारा.

आता मिलवॉकीची टीम बघ. २०१८ ला बुडनहोल्झर कोच म्हणून आला, ब्रूक लोपेझसारख्या धिप्पाड सेंटरला थ्री-पॉइंट लाइनबाहेर उभं केलं आणि त्यांचा स्टार यानिस, तोही लांबून फारसा शूटर नाही, त्याला मधली वाट मोकळी करून दिली, त्याला अडवायला दुसरा डिफेंडर आला की कोपऱ्यातला शूटर मोकळा. २०२१ ला चॅम्पियन झाले.

तुझ्याकडे असा प्लेअर असेल तर त्याला कोपऱ्यात नुसता उभा ठेवू नकोस, स्क्रीन लावायला सांग, म्हणजे आपल्या प्लेअरच्या डिफेंडरची वाट अडवून उभं राहायला. गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन तेच करतो, त्यांचा शूटर करी याच्यावर दोघं डिफेंडर धावले की याला फ्री थ्रो लाइनपाशी बॉल मिळतो आणि पुढे चार विरुद्ध तीन! फक्त पास पटकन सुटला पाहिजे, रोज प्रॅक्टिसला तेवढं घोटून घे.