जुलाब थांबल्यावरही बाळाला झिंक चालू का ठेवायचं?

जुलाब दोन दिवसांत थांबले, मग झिंकची गोळी चौदा दिवस कशाला, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून मधेच बंद करू नका.

ओआरएस अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढतं. झिंकचं काम वेगळं आहे. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि त्यांना घडवणारं थायम्युलिन हे संप्रेरक झिंकशिवाय कामच करत नाही. झिंक कमी पडलं की ही ग्रंथी आक्रसते. आतड्याचं सोललेलं अस्तर भरून यायलाही तेच लागतं. शरीरात झिंकचा वेगळा साठा नसतो, आणि जुलाबात ते भराभर वाहून जातं. पूर्ण कोर्स झाला तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १०-१४ दिवस झिंक द्यायला सांगितलं; तेव्हाचा डोस होता सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, मोठ्या मुलाला २०.

गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात टाका, पाऊण-एक मिनिटात विरघळते. चव धातूसारखी लागते, त्यामुळे एखादं मूल ओकतं. तसं झालं तर डॉक्टरांना विचारा.

मोठ्यांनी मात्र ‘इम्युनिटीसाठी’ म्हणून महिनोन्महिने जास्त डोस घेऊ नये, त्याने तांब्याची कमतरता होते. त्यापेक्षा मोड आलेली मटकी खा. मोड आल्यावर झिंक अडवून धरणारं फायटेट कमी होतं.